आजीचं लॅटिन आणि टेबलाचा आखूड पाय

प्रिय ताई,

वय ६७, मुक्काम सातारा. ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलगी-जावई इंग्लंडात, नात १२ वर्षांची. यंदा तिच्या शाळेत लॅटिन सुरू झालंय. पुस्तकात पोम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका सावकाराच्या घरच्या गोष्टी आहेत, मधूनमधून ज्युपिटर, अपोलो वगैरे देवांच्या. पोरगी नुसती वेडावलीय. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला वाचून दाखवते. मला कळत काही नाही, पण मधेच एखादा शब्द ओळखीचा वाटतो आणि दचकायला होतं. शाळेत मला संस्कृत होतं. 'रामः रामौ रामाः' अजून झोपेत म्हणेन. तर आता मलाही लॅटिन शिकावंसं वाटतंय. निदान रविवारी बोलायला काही होईल, एरवी आमची गाडी 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. तिचं मराठी तसं बरं आहे, पण 'कुत्राला खायला दिलं' असं म्हणते.

आधी व्याकरण पक्कं करू की गोष्टींपासून सुरुवात करू? या वयात जमेल का? आणि त्या देवांच्या गोष्टींत निम्म्या पळवापळवीच्या. त्या नातीबरोबर वाचायच्या कशा? आमचे 'हे' म्हणतात, आता हे काय नवीन खूळ.

— एक आजी

*

प्रिय बाई,

शिक्षिका म्हटल्यावर तोंडी दुसरं संबोधन येत नाही, तेव्हा बाईच.

दचकायला लावणारा तो शब्द कोणता, हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज 'सुन्त्' असावा, कारण मीही त्यालाच दचकले होते. 'सुन्त्' म्हणजे 'आहेत'. आता एक वही घ्या आणि एका ओळीत लिहा: सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही, तुम्ही, ते. त्याच्या बरोब्बर खाली लिहा: अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. मनात नको, कागदावरच लिहा; डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यातली मजा कळत नाही. पुढे पातेर-पितृ, मातेर-मातृ, इग्निस्-अग्नि, देन्स्-दन्त अशी रांग लांबतच जाते. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सातवा, आठवा, नववा, दहावा महिना ते आपले सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश. एवढं एका रविवारी पुरेल.

फक्त 'लॅटिन आपल्या संस्कृतातून निघालं' असं तिला सांगू नका. मोह होतो, मला माहीत आहे. भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात म्हटलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल. म्हणजे या बहिणी. मायलेकी नव्हेत.

आता व्याकरण की गोष्टी. चाळिशीत मी अप्पा बळवंत चौकातून एक जुनं लॅटिन व्याकरण उचललं होतं. नामांचे पाच वर्ग, क्रियापदांचे चार. महिनाभर सकाळी चहाचं आधण ठेवून तक्ते घोकले. सगळे पाठ. मग एक दिवस पोम्पेईतल्या एका घराच्या दारातल्या फरशीचा फोटो पाहिला: लहान लहान दगडांच्या तुकड्यांनी काढलेला काळा कुत्रा, साखळीला बांधलेला, दात विचकलेला, आणि खाली दोन शब्द. 'कवे कनेम्'. मला कळले नाहीत! 'कवे' म्हणजे जप, सावध राहा. 'कनिस्' म्हणजे कुत्रा, हा शब्द मला पाठ होता. द्वितीयेचा 'एम्' प्रत्यय पाठ होता. पण दोघं जोडीने दारात उभे राहिले तर ओळख पटेना. 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी तर आपल्या प्रत्येक गल्लीत असते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गोष्ट आणि व्याकरण वेगळं काढायचं नाही. आज दहा ओळी वाचायच्या, जिथे अडेल तिथला प्रत्यय तेवढा समजून घ्यायचा, आठवड्याकाठी एक तक्ता वहीत उतरवायचा. तुमच्या पिढीला तक्त्यांची ओढ असते, तेव्हा 'एक' हा आकडा लक्षात ठेवा. पाच तक्ते एका दिवसात होतात आणि सहाव्या दिवशी वही कपाटात जाते. माझी दोन वर्षं गेली होती.

या शिक्षणात तुमच्या हाती एक गोष्ट आहे, जी तुमच्या नातीच्या बाईंकडे बहुधा नसेल. ती म्हणजे मराठीचं सामान्यरूप. लॅटिन शब्दकोशात कुठलंही नाम काढा, दोन रूपं दिलेली असतात: पेस्, पेदिस्. नॉक्स्, नॉक्तिस्. रेक्स्, रेगिस्. पाय-पायाचा, रात्र-रात्रीचा, राजा-राजाचा. प्रथमेत 'पेस्' असलेला पाय प्रत्यय लागताना 'पेद्' होतो, आणि मग सगळे प्रत्यय त्या 'पेद्'लाच चिकटतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे फार जड जातं. शब्दाला आपला आकार का बदलावा लागतो, हेच त्यांना उमगत नाही. आपल्याला? घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्यात. कुत्रा, पण कुत्र्याला.

तुमच्या लक्षात आलंच असेल मी कुठे चाललेय ते. तुमची नात 'कुत्राला' म्हणते ती चूक ऐकून सोडून द्यायची नाही आणि रागवायचंही नाही. तिला म्हणा, 'कवे कनिस्' का म्हणत नाहीत गं? ती तिच्या शाळेतला नियम तुम्हाला समजावून सांगेल. तिचं सांगून झालं की म्हणा, मग आता 'कुत्रा' आणि 'ला' जोडून दाखव. प्रत्येक नाम जोडीनेच पाठ करायचं, मराठीतही आणि लॅटिनमध्येही: पेस्-पेदिस्, घोडा-घोड्या. दोघींची एकच वही.

बाकीच्या सवलती पटकन सांगते. वाक्यात क्रियापद साधारण शेवटी येतं: 'पुएल्ला अक्वम् पोर्तत्', मुलगी पाणी नेते, शब्दाला शब्द. लिंगं तीन, आणि नपुंसकलिंग आपल्याकडे अजून रोजच्या बोलण्यात असल्यामुळे त्याचं नवल वाटत नाही, हिंदीवाल्यांना वाटतं. द्विवचन नाही, म्हणजे 'रामौ'ला सुट्टी. संधी सोडवत बसायला नको.

जिथे संस्कृत दगा देतं ती जागा मात्र एक आहे. संस्कृतात तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघी आपापलं काम करतात. लॅटिनमध्ये तिघींचं काम एकच विभक्ती ओढते. 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने, 'इन होर्तो' म्हणजे बागेत. प्रत्यय तोच 'ओ'. आणि नुसतं 'रोमा', शेवटचा स्वर दीर्घ, म्हणजे रोमहून. 'ने', 'हून' की 'त' हे वाक्याच्या अर्थावरून ठरवायचं. इथे सुरुवातीला चिडचिड होते. होऊ द्या.

उच्चाराचंही सांगून ठेवते, नाहीतर रविवारी वाद व्हायचा. शाळांत हल्ली प्राचीन पद्धतीने बोलतात. आपण ज्या रोमन वक्त्याला सिसेरो म्हणतो तो किकेरो, आणि सीझरचं ते प्रसिद्ध वाक्य 'वेनी, वीदी, वीकी' (आलो, पाहिलं, जिंकलं). चर्चच्या परंपरेत मात्र इटालियन वळण आहे, तिथे 'वीची'. वसई-गोव्यात १९६०च्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच मिस्सा ऐकलेली जुनी माणसं भेटली तर ती तुमच्या नातीचे उच्चार चुकीचे ठरवतील. दोन्ही बरोबर.

आता गोष्ट. ओव्हिड नावाच्या रोमन कवीने 'मेटामॉर्फोसेस' नावाचं १५ सर्गांचं काव्य लिहिलं. रूपांतराच्या कथा: कोणाचं झाड झालं, कोणाचा पक्षी, कोणाचा झरा. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी हद्दपार केलं, तोवर हे काव्य जवळजवळ तयार होतं. त्याच्या आठव्या सर्गात बाउकिस ही म्हातारी आणि फिलेमोन हा तिचा म्हातारा यांची कथा आहे. तुम्ही हिच्यापासून सुरुवात करावी असं मला फार वाटतं. ज्युपिटर आणि मर्क्युरी हे देव माणसांच्या रूपात हिंडत होते. हजार दारं ठोठावली, एकही उघडलं नाही. शेवटी एका गवताने शाकारलेल्या झोपडीत या दोघांनी त्यांना घेतलं. पाहुण्यांसाठी कोबी निवडला, आढ्याला टांगलेलं खारवलेलं मांस काठीने काढलं, राखेतले निखारे फुंकून चूल पेटवली. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे घर नवं वाटत नाही. आटपाट नगर तेवढं म्हणायचं राहिलं.

आणि मग ती ओळ येते, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. म्हातारी टेबल मांडते. 'मेन्सम्' म्हणजे टेबल, द्वितीया, आपल्या 'मालाम्'सारखी. 'पोनित् अनुस्', मांडते म्हातारी. पुढे लगेच:

'मेन्साय सेद् एरत् पेस् तेर्तिउस् इम्पर्'.

एकेक शब्द उचला. मेन्साय: टेबलाचा. सेद्: पण. एरत्: होता. पेस्: पाय, आपलं पद. तेर्तिउस्: तिसरा, आपलं तृतीय. इम्पर्: न जुळणारा, आखूड, त्यातला 'इम्' म्हणजे आपला 'असमान'मधला 'अ'. टेबलाचा तिसरा पाय मात्र आखूड होता. मग 'तेस्ता परेम् फेकित्': खापराने तो सारखा केला. ('फेकित्' म्हणजे 'केलं', काही फेकलं नाही.) बाउकिसने पायाखाली खापराचा तुकडा सरकवला, टेबल सपाट झालं, आणि मग तिने ते हिरव्या पुदिन्याने पुसून घेतलं. स्वर्गाचा राजा घरात बसलाय आणि कवीची नजर टेबलाच्या पायावर आहे.

'मेन्सा' हा लॅटिन व्याकरणातल्या पहिल्या तक्त्याचा वर्षानुवर्षं चालत आलेला शब्द, आपल्या 'राम'सारखा. मी तो शंभर वेळा घोकला होता. 'टेबल, टेबलाचा, टेबलाला'. डगमगणारं टेबल भेटल्यावर तो तक्ता पुन्हा पाहावा लागला नाही.

तुम्हाला वृत्तांच्या गणांचं 'यमाताराजभानसलगम्' आठवत असणार. मग त्या ओळीचा ताल हातावर धरून बघा. 'पोनित् अ' हा पहिला तुकडा: गुरु, लघु, लघु. म्हणजे भ गण. रोमन महाकाव्यांची ओळ सहा तुकड्यांची असते, काही असे तर काही नुसत्या दोन गुरूंचे, आणि जोडाक्षरापूर्वीचं अक्षर गुरु धरायचा नियमसुद्धा जवळपास आपलाच. एक सूचना: 'अनुस्'मधला पहिला 'अ' ऱ्हस्वच ठेवा. दीर्घ केलात तर म्हातारीचं भलतंच काहीतरी होतं. काय होतं ते शब्दकोशात बघा, नातीला विचारू नका.

रोमन संस्कृतीबद्दल वेगळं पुस्तक घ्यायची घाई नको; ती शब्दांतूनच येते. पोम्पेईच्या घरांत देवघरं होती, त्यांतल्या घरगुती देवांना 'लारेस' म्हणत. वेत्ती नावाच्या दोघांच्या घरातलं चित्र प्रसिद्ध आहे: मधे यजमानाचा रक्षक आत्मा, दोन बाजूंना नाचते लारेस, खाली वळवळत येणारा साप. राखणदार म्हणतो तोच हा, असं आपल्याकडचं कुणीही सांगेल. ज्युपिटरच्या प्रेमप्रकरणांच्या कथा बहुतेक ग्रीकांकडून आल्या. रोमन माणसाचा रोजचा धर्म मात्र या देवघराचा आणि नवसाचा. साम्राज्यभर सापडणाऱ्या दगडी वेद्यांवर शेवटी बऱ्याचदा चार अक्षरं कोरलेली असतात, ती 'वोतुम् सोल्वित् लिबेन्स् मेरितो' या शब्दांची आद्याक्षरं. 'वोतुम्' म्हणजे नवस. 'सोल्वित्' म्हणजे फेडला. राजीखुशीने, आणि देवाचं ते देणंच लागत होतं म्हणून. कर्जाला आणि नवसाला एकच क्रियापद त्यांच्याकडेही आहे.

नावांची गंमत तर तिला नक्की सांगा. तिच्या कागदपत्रांत मधलं नाव वडिलांचं असेल, आणि तिकडे ते कुणाला तरी समजावून सांगावं लागत असेल. किकेरोचं औपचारिक नाव 'मार्कुस तुल्लिउस, मार्कुसचा मुलगा, किकेरो' असं लिहीत. मधे बापाचं नाव, शेवटी आडनाव. आणि 'किकेर' म्हणजे हरभरा. मराठीत ते घराणं हरभरे म्हणून ओळखलं गेलं असतं.

एक सहल सुचवते. पोम्पेईत १९३८ साली एक हस्तिदंती बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तिला पोम्पेईची लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली. पुष्कळ अभ्यासक आता यक्षी म्हणतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये ते शहर गाडलं, त्याआधी ती भारतातून तिथे पोचलेली होती, आणि तशाच घडणीची मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडलीय. उलट दिशेचा प्रवास पाहायचा तर कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तू निघाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. ती टाउन हॉल संग्रहालयाची. लॅटिनमध्ये हाच नेप्तुनुस. साताऱ्याहून एसटीने सकाळी निघालात तर दिव्याच्या वेळेला घरी. जाताना तिकडचा एक तरी फोटो नातीला पाठवायची परवानगी मिळते का ते विचारा.

आता पळवापळवी. बाई, अवघड प्रश्न विचारलात आणि मला त्याचं गुळगुळीत उत्तर द्यायचं नाही. युरोपा, प्रोसर्पिना, डाफ्नी. देव मागे लागतो आणि मुलगी पळते, हा साचा ओव्हिडमध्ये पुन्हा पुन्हा येतो. शाळेच्या पुस्तकात 'रापिओ' या क्रियापदाचा अर्थ 'हिसकावून नेणे' असा दिलेला असतो, आणि इंग्रजीतला 'रेप' हा शब्द त्याच धातूकडे जातो. १२ वर्षांच्या मुलीला हे आज ना उद्या कळणारच. तुम्ही तिला अहल्येची गोष्ट सांगितली असेल ना कधीतरी? तेव्हाही काही गाळलं असेल. गाळायला माझी हरकत नाही, पण गोड करून सांगू नका. 'अपोलोचं तिच्यावर प्रेम होतं' असं म्हणण्यापेक्षा 'डाफ्नीला लग्नच करायचं नव्हतं, म्हणून ती पळाली' असं म्हणा. ओव्हिडनेही तेच लिहिलंय. मग तिला विचारा, डाफ्नीचं लॉरेलचं झाड झालं, तरी अपोलो तिची पानं डोक्यात माळतो, हे तुला कसं वाटतं? आणि गप्प बसा. ३४ वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं, पण बसा.

त्यावरून एक, आणि हे जरा स्पष्टच लिहिते. तुम्ही तिला शिकवायला जाऊ नका. संस्कृतच्या जोरावर तुम्ही पहिल्या दोन महिन्यांत तिच्या पुढे जाल. मग रविवारचा कॉल शिकवणी होईल आणि चार रविवारांत तिला काहीतरी 'काम' निघेल. मुलीला सांगून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मागवा आणि नातीच्या एक धडा मागे राहा. खरंच मागे राहा. अडलेला एक प्रश्न दर रविवारी तिच्यासाठी ठेवा. पहिला मी देते: पिंपळाचं शास्त्रीय नाव फायकस रिलिजिओसा, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेलं. पहिला शब्द 'उस्'ने संपतो, पुल्लिंगी दिसतो, मग विशेषण 'रिलिजिओसुस' का नाही? (लॅटिनमध्ये झाडं बहुतेक स्त्रीलिंगी. पण हे तुम्हाला माहीत नाही.)

वयाचं म्हणाल तर रोज अर्धा तास दिलात तर वर्ष-दीड वर्षात प्राथमिक व्याकरण हातात येईल. मूळ ओव्हिड सलग वाचायला आणखी बराच काळ लागतो, पण शेजारी भाषांतर ठेवून आठ-दहा ओळी त्याच्या खूप आधी वाचता येतात. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, स्वरांवरच्या दीर्घ रेघा फार बारीक छापतात.

राहता राहिले तुमचे 'हे'. फिलेमोनने परसातून भाजी तोडून आणली आणि बाउकिसने ती निवडली, असं ओव्हिडने स्वच्छ लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांना पिशवी घेऊन मंडईत पाठवा. ते परत येईस्तोवर पहिला धडा होतो.

तुमची,
ताई